एक सही बाकी

जुनं काहीही दिसलं की लिमयेकाका म्हणतात, "पाडा." त्यात राग नसतो. आपण "पंखा लावा" म्हणतो, तितक्या सहज ते म्हणतात. भाचीच्या लग्नाहून निघताना त्यांनी मंगल कार्यालयाच्या मालकांना सांगितलं, "जिलबी उत्तम. कार्यालय पाडा." बुधवार पेठेत पंख्याचा रेग्युलेटर आणायला गेले, ते दुकानदाराला जिना पाडायला सांगून आले. दाढ हलायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, वाचवता येईल. काका म्हणाले, "वाचवताय कशाला? पाडा."

अशा माणसाला आमच्या धायरीच्या सोसायटीने रीडेव्हलपमेंट कमिटीचं अध्यक्ष केलं यात काही नवल नाही. इमारत गळते. गेल्या पावसाळ्यात जिन्यातल्या छताचा पोपडा एका पाहुण्याच्या डोक्यात पडला. पाहुणा डोकं चोळत होता आणि काका त्याला म्हणत होते, "आता आपणच सांगा लोकांना." सगळ्यांच्या सह्या झाल्या की बिल्डर काम सुरू करणार होता. झाल्याही. एक सोडून. ती कोणाची, हे काका काही केल्या सांगेनात. "माणसाला अब्रू असते," एवढंच म्हणायचे.

आता, मी मीटिंगमध्ये एकदा पार्किंगवरून भांडले होते. सही केव्हाच करून मोकळी झाले होते, पण लोकांनी ठरवूनच टाकलं की अडलंय ते कुंदाताईंमुळे. व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या सुप्रभातला उत्तर येईनासं झालं. तळमजल्यावरचे शितोळे, मूळचे धायरी गावातलेच, तोंडावर म्हणाले, "ताई, एका मान्सापायी समद्यांनी गळक्या घरात ऱ्हायाचं व्हय?" माझं डोकंच फिरलं. तशीच लिमयेकाकांकडे गेले आणि म्हटलं, नाव जाहीर करा, नाहीतर मी मीटिंग बोलावते.

सुधाकाकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला. त्या आत जाईपर्यंत काका थांबले आणि हळूच म्हणाले, "रविवारी मोकळ्या आहात? कात्रजच्या पलीकडे एक टेकडी आहे. वर जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. बघून येऊ."

लिमयेकाका आणि अवशेष! मी कप खाली ठेवला.

"तिथे पाडायला काय उरलंय, काका?"

"म्हणूनच," काका म्हणाले.

कुतूहलापोटी गेले. टेकडीच्या माथ्यावर घरांची जोती होती, कमरेइतक्या दगडी भिंती, खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. कोण राहत होतं, कधी उठून गेलं, कोणालाच नीट ठाऊक नाही. काकांना मात्र सगळं ठाऊक होतं. "पाणी एका टाक्याचं. लिफ्ट नाही. दुरुस्तीला कोणी पुढे आलं नसणार. पार्किंगबद्दल तर आपण बोलूच नये." हा टोमणा मला होता. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे घट्ट मिटले आणि एका पडक्या घरात शिरले.

मी बघतच राहिले. एक हात भिंतीवर, दुसरा पुढे, पाय चाचपडत. कोपऱ्यातल्या चुलीच्या दगडांपर्यंत पोचले, वाकून ते दगड चाचपले, वळले आणि नडगी धाडकन भिंतीवर आपटली. माणसाला ऊन लागलं की काय! मी घाबरून ओरडले, "काका! अहो, काय करताय?"

"जरा गप्प बसा हो. दार चुकलं."

मी जाऊन त्यांचा दंड धरला आणि बाहेर आणून जोत्यावर बसवलं. डोळे उघडून ते नडगी चोळत राहिले. मग म्हणाले, "सुधाला दिसत नाही."

"चष्मा बदला मग."

"अजिबात दिसत नाही, कुंदाताई. बरेच दिवस झाले."

मला खरंच वाटेना. "अहो, परवा चहा त्यांनीच आणून दिला मला!"

"देणारच. साखर कुठे, चहा कुठे, कितव्या पावलाला वळायचं, सगळं तिच्या हातापायात आहे. त्या घरात तिला डोळे लागत नाहीत. आणि हात धरलेला तिला चालत नाही. मी नुसता मागून चालतो, चपला काढून. नव्या घरात तिला पाण्याचा पेलासुद्धा माझ्याकडे मागावा लागेल. ती मागायची नाही. तशीच तहानलेली बसून राहील."

"म्हणजे ती सही..."

"माझी. तिला वाटतं, सगळ्यात आधी मीच केली. खरं कळलं तर उद्या सकाळी ती मला करायलाच लावेल."

इतकी वर्षं शेजारी राहून मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, "पण हे डोळे मिटून चालणं?"

"परकं घर असं शिकता येतं का, ते बघत होतो. कोणाच्या घरात जाऊन करणार? इथे हसायला कोणी नाही."

"मग मला कशाला आणलंत?"

"पलीकडे कडा आहे," काका म्हणाले.

ते पुन्हा उठले. मी कड्याच्या बाजूला उभी राहिले. दुपार उतरेपर्यंत ते त्याच एका घरात ये-जा करत होते. शेवटी एकदा दारातून चुलीपर्यंत गेले आणि कुठेही न आपटता परत बाहेर आले. घामाने शर्ट भिजला होता. "शिकता येतं," ते म्हणाले. "पण वेळ लागतो. आधी मी शिकेन, मग तिला सांगेन." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोवर लोक तुमच्यावरच चिडलेले राहिले तर चालेल का?"

इतकी निर्लज्ज विनंती मला आजवर कोणी केली नव्हती. मी "चालेल" म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात शितोळ्यांनी गाठलंच. "ताई, कवा करताय सही?"

"बघू," मी म्हटलं. ते पाय आपटत खाली गेले.

वर लिमयांचं दार उघडलं. सुधाकाकू दारावरची दुधाची पिशवी काढायला आल्या होत्या. "कुंदा ना गं? बोलू दे त्यांना. मनावर घेऊ नकोस," असं म्हणून त्या माझ्याकडे बघून छान हसल्या. माझ्याकडे म्हणजे, माझ्यापासून हातभर डावीकडे, विजेच्या मीटरकडे.

मी पायांचा आवाज न करता तिथे सरकले.