रबरी बदकाची चोच आणि जनहित

नैतिक विकास झालेल्या माणसाच्या भरवशावर तान्हं मूल ठेवू नये, असं सासूबाई म्हणाल्या होत्या. त्या स्वतःच्याच मुलाबद्दल बोलत होत्या, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

आमचे हे रबरी बदकं बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. कारखान्याने गेल्या वर्षी सर्वांचा नैतिक विकास करून घेतला. (चौऱ्याण्णव टक्के विकास झाला, उरलेले सहा टक्के रजेवर होते.) पहिल्या पायरीवर माणूस भीतीपोटी चांगलं वागतो, दुसरीवर लोक काय म्हणतील म्हणून, तिसरीवर नियम आहे म्हणून, आणि चौथीवर केवळ जनहितासाठी. हे चौथीवर पोचले. तिथे फिरती खुर्ची मिळते.

पुढे बदकाची चोच निघते, असं उघडकीला आलं. मालकांची पाचावर धारण बसली. "सगळी बदकं परत मागवा, नाहीतर आत जाईन मी!" म्हणाले. निर्णय अत्यंत योग्य. पण भीतीपोटी घेतलेला, म्हणजे पहिल्या पायरीचा. चौथीवर पोचलेल्यांच्या नैतिक समितीने (हेही तीत आहेत) तो एकमताने फेटाळला. मालकांच्या मनात निखळ जनहित जागं होईपर्यंत बदकं दुकानातच राहतील, असं ठरलं. मालक बिचारे रोज डोळे मिटून प्रयत्न करतात. (प्रगती आहे. परवा दुसरीपर्यंत चढले होते, तेवढ्यात वकिलाचा फोन आला आणि घसरले.)

रविवारी आठ महिन्यांच्या ठमीला यांच्यापाशी ठेवून मी आंघोळीला गेले. बाहेर येते तर ठमी गप्प, आणि हातातल्या बदकाचं तोंड सपाट.

"अहो, चोच कुठाय?"

"तिच्या तोंडात असावी," हे शांतपणे म्हणाले. "पण आपलीच म्हणून धावणं हा स्वार्थ झाला. मी सगळ्या बाळांचा विचार करतोय."

मी बोट घालून चोच काढली. ठमीने भोकाड पसरलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "तरी मी म्हणत होते!"

समितीने माझं कृत्य 'अविकसित' ठरवलं आहे. जराही विचार न करता केलं म्हणून. मान्य आहे.

तुमचा मात्र चांगलाच विकास झालेला दिसतो. पलीकडच्या खोलीत पोर मघापासून इतकं गप्प आहे, आणि तुम्ही जनहितावरचं हे सगळं शेवटपर्यंत वाचलंत. आता उठता का? जरा तोंड उघडून बघा त्याचं.