दुखण्याचा एकच भाव

जुन्या फर्निचरचे एक व्यापारी इस्पितळातल्या खाटेवर ना धड बसत होते, ना धड निजत होते. फुफ्फुसाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं होतं. कुशीत जेमतेम बोटभर तीन छेद. पण छेद लहान म्हणून दुखणं काही लहान होत नाही. त्यात दुकानावर मेव्हणा बसलेला! गिऱ्हाईक मागेल त्या भावाला माल देऊन वर चहा पाजणारा. तो आरशाचं मोठं कपाट फुंकून टाकायच्या आत घर गाठायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"काका, दहापैकी किती दुखतंय?" सिस्टरने विचारलं.

"दोन."

उभ्या जन्मात त्यांनी पहिला आकडा खरा सांगितला नव्हता. दुकानात 'एकच भाव' अशी पाटी होती आणि तिच्याखालीच सगळी घासाघीस चालायची. सिस्टर वाढवून मागेल, मग चारवर सौदा पटेल, असा त्यांचा अंदाज. सिस्टरने मुकाट्याने साधी गोळी दिली आणि ती निघून गेली.

दुपारपर्यंत जीव मेटाकुटीला आला. श्वास घ्यावा तर कळ, खोकावं तर डोळ्यांपुढे काजवे. श्वासाच्या व्यायामाचं यंत्र तोंडाला लावलं, तर त्यातले चेंडू ढिम्म हलेनात.

"तुम्ही श्वास चोरताय," डॉक्टर म्हणाले. "अशाने कफ साचेल. दुखणं आटोक्यात आल्याशिवाय घरी सोडणार नाही. पण तुमचं तर दोनच ना?"

"आठ आहे हो!" बायको उसळली. "यांचा आकडा चारने गुणायचा. माल घेताना हे पाव किमतीपासूनच सुरुवात करतात."

मग नीट औषध सुरू झालं. छातीशी उशी धरून खोकायला शिकवलं. संध्याकाळी चेंडू टणाटण वर गेले. छातीभर श्वास मिळाला तेव्हा बिचाऱ्यांना रडूच आलं.

"आता किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन!"

"गुणिले चार," सिस्टर पुटपुटली.

"अहो, खरंच दोन! शप्पथ! एकच भाव!"

बायकोने सुस्कारा सोडला. "डॉक्टर, दुकानातही हीच पाटी आहे."

मुक्काम एका दिवसाने वाढला. तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. "भावोजी, आरशाचं कपाट खपलं! गिऱ्हाइकाने तोंडातून काढला त्या भावाला!"

त्यांचा चेहरा बघून सिस्टर धावत आली. "काका, आता किती दुखतंय?"

"दहा."

या आकड्यावर मात्र कुणीच घासाघीस केली नाही.