दारफळणीच्या दिवशीचं भरीत

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बिन्यामीन सर कुंपणाच्या भिंतीवरून आपला मोबाइल माझ्या हातात देतात, सोबत चार्जर देतात आणि वर म्हणतात, "शोभाताई, मी काही सांगत नाहीये."

हे वाक्य समजायला मला बरेच महिने लागले. सर ज्यू. मूळचे कोकणातले बेने इस्राएल. वडील रेल्वेत होते म्हणून भुसावळला आले, आणि सर आधी धुळ्यात, मग जळगावात गणित शिकवून निवृत्त झाले. मेहरूणमध्ये आमची भिंत एक. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत त्यांचा शब्बाथ. तेवढ्या वेळात काम करायचं नाही, मोबाइलला हात लावायचा नाही. घरात असला की हात जातोच, म्हणून तो आमच्या फ्रिजवर राहतो. आणि दुसऱ्याला काम सांगणं हेही कामच, म्हणून सर सांगत नाहीत. ते नुसतं म्हणतात.

"ताई, आत फार उकडतंय. मी नुसतं म्हणतोय."

की आमचे हे उठतात आणि त्यांच्याकडे जाऊन पंखा लावून येतात. हे धुळ्याकडचे, घरात अहिराणीच बोलतात. "सर, बठ्ठं ठीक शे ना?" असं विचारतात. "मी बोलावलं नव्हतं," असं सर म्हणतात आणि पंख्याखाली जाऊन बसतात.

आता मोबाइलचं का एवढं, ते सांगते. सर एक शाळा चालवतात. दर रविवारी सकाळी पुढच्या खोलीत फळा लावायचा, त्याच्यासमोर मोबाइल उभा करायचा आणि ठाण्या-पुण्यातल्या, पेण-अलिबागकडच्या आपल्या समाजाच्या मुलांना हिब्रू अक्षरं, प्रार्थना आणि जुन्या गोष्टी मराठीतून शिकवायच्या. ठाण्यातला एक ट्रस्ट ही शाळा चालवतो, म्हणजे नाव ट्रस्टचं आणि घसा सरांचा. पालकांचा एक ग्रुप आहे, शाळेचं फेसबुकवर पान आहे, आणि दोन्हीकडे सर आठवडाभर काही ना काही टाकत असतात. त्यांच्या डोक्यातलं गणित काही जात नाही. "नोहाच्या तारवात सर्वांत कमी झोप कोणत्या जोडीला मिळाली असेल? कारण द्या." प्रलयात जनावरांच्या जोड्या वाचवणाऱ्या त्या जहाजाबद्दल असले प्रश्न. कोणी कारण देत नाही. कोणी काहीच देत नाही.

मग सर खुणा तपासत बसतात. वाचलं की खूण निळी होते, एवढं त्यांना कळलं तेव्हापासून पालकांच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. सर सरळ फोन करतात. "निळं झालं. म्हणजे वाचलंत. वाचून गप्प बसलात. वर्गात असं चालायचं नाही." पेणच्या एका गृहस्थांनी वैतागून ग्रुप सोडला. सरांनी त्यांना पुन्हा आत घेतलं. ते पुन्हा गेले, सरांनी पुन्हा घेतलं आणि वर लिहिलं, "बाहेर जायचं असल्यास परवानगी घ्यावी." गृहस्थ शेवटी थकले आणि राहिले.

शनिवारी दुपारी मी भांडी घासत असले की भिंतीपलीकडून आवाज येतो, "ठाण्याकडे आज हवा कशी असेल, नाही?" म्हणजे मी ग्रुप उघडून बघायचं. मी हात पुसून बघते आणि सांगते, "सर, दोघांनी फुलं पाठवलीत." सर म्हणतात, "मी विचारलं नव्हतं." पण चेहरा असा फुलतो की बघत राहावं. बहुतेक वेळा मात्र सांगण्यासारखं काही नसतं. मग मी म्हणते, "हवा बंद आहे सर." ते मान हलवतात आणि आत जातात. मला त्या माणसांचा राग येतो, खरंच येतो. एक अंगठा दाबायला काय जातं हो?

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता ट्रस्टवाल्यांचा फोन आला. पालकांचा प्रतिसाद नाही, मुलं गळतायत, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर शाळा बंद करू. सर माझ्याकडे येऊन पायरीवर बसले. चहा घेतला नाही. "बंद करा म्हणतात," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "मुलं काय, पुढे कुठेतरी शिकतील." तर म्हणाले, "कोण शिकवणार ताई? माझी भावंडं सगळी तिकडे इस्राएलला गेली. इथे राहिलेली मोजकी. आणि मी रविवारी सकाळी उठून काय करू?" त्या दिवसापासून ते निळ्या खुणा दिवसातून कितीदा बघत, त्याला सुमार राहिला नाही.

अशात त्यांचा सण आला. वार आठवत नाही, पण शुक्रवार नव्हता, एवढं नक्की, कारण अवेळी मोबाइल देताना पाहून मी विचारलं. "उद्या दारफळणीचा सण," सर म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलंच नाही. खिडक्यासुद्धा बंद. दूधवाला हाका मारून परत गेला. मी ग्रुप उघडला तर तिथेही सामसूम. सणाचा दिवस, आणि एवढ्या मोठ्या ग्रुपवर एका माणसाची साधी शुभेच्छा नाही! मला भडभडून आलं. म्हटलं, ट्रस्टवाल्यांनी हे पाहिलं तर दिवाळीचीही वाट बघायचे नाहीत. सरांना कळायच्या आत आपणच काही तरी करावं.

त्या दिवशी मोसमातलं पहिलं भरीत केलं होतं. बामणोदकडची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, वर तेलात परतलेले शेंगदाणे आणि कांद्याची पात. शेजारी टम्म फुगलेल्या पुऱ्या. ताटाचा फोटो असा आला की ह्यांनी जेवण थांबवून तो पाहिला. मी तो ग्रुपवर आणि पानावर, दोन्हीकडे टाकला. खाली लिहिलं, "दारफळणीच्या सणाच्या हार्दिक शुभेच्छा! आमच्याकडे आज भरीत-पुरी. तुमच्याकडे काय बेत? फोटो टाका!"

मोबाइल सरांचा, तेव्हा नाव सरांचं गेलं, हे काही मला सुचलं नाही. आणि दारफळणी म्हणजे दार बंद करण्याचा दिवस, वर्षातला सर्वांत मोठा आणि कडक उपवास, थुंकीसुद्धा जपून गिळायची, देवाकडे वर्षभराची क्षमा मागायची, हे मला कोणी सांगितलं होतं? सरांनी तर सांगायच्या आधीच दार लावलं होतं.

दिवस मावळला, उपवास सुटला, आणि फ्रिजवर मोबाइल थरथरायला लागला.

"सर, तब्येत बरी आहे ना?"

"सर, देवाला तरी भ्या."

"काड्यांवर भाजलंय की गॅसवर?" हे पेणचे गृहस्थ. परवानगी न घेता बोलले.

मग कोणीतरी उपवास सोडतानाच्या ताटाचा फोटो टाकला. मग दुसऱ्याने. पोरं हसून लोळणारे चेहरे पाठवायला लागली. एकीने लिहिलं, नोहाच्या तारवात वांगी होती का, कारण द्या. इस्राएलमधल्या अश्दोदहून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, अगदी अलिबागकडचं मराठी, "बिन्या, मेल्या, उपाशीपोटी हसवलंस रे! आमच्याकडे तर अजून दिवस मावळायचाय, नातवाने मुद्दाम वाचून दाखवलं. माझी आई असंच वांगं भाजायची." त्यावर आणखी कोणाची आई, कोणाची आत्या, कोणत्या गावचं वांगं. मी घाबरून मोबाइल पालथा घातला. तो पालथा पडूनही थरथरत होता.

सर मोबाइल घ्यायला आले तेव्हा अंगावर पांढरे कपडे होते, ओठ सुकलेले. मी मोबाइल पुढे केला. ते पायरीवर बसून वाचायला लागले. वाचत राहिले. ह्यांनी हळूच विचारलं, "सर, बठ्ठं ठीक शे ना?"

"दारफळणीला मी भरीत खाल्लं, असं ठाण्यापासून अश्दोदपर्यंत झालंय," सर म्हणाले.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, "सर, मी आत्ताच्या आत्ता लिहिते, चूक माझी."

"काही लिहू नका. सगळे बोलतायत." मग मान वर करून म्हणाले, "त्यातलं काही उरलंय का?"

भरीत उरलं होतं. सरांनी उपवास आमच्या पायरीवर सोडला, आणि डाव्या हाताने एकेकाला उत्तर लिहीत राहिले. चार दिवसांनी ट्रस्टचा फोन आला. शाळा चालू ठेवायची ठरली. प्रतिसाद उत्तम आहे म्हणाले, पण पुढच्या वर्षी जरा बेतानं घ्या.

त्या शुक्रवारी सर मोबाइल द्यायला आले आणि देऊन गेले नाहीत. भिंतीशी उभेच. मला वाटलं, चार्जर विसरले. तर म्हणाले, "ताई, थोडा वेळ आत याल का?"

सरांच्या पत्नी सोफीकाकू वारल्यापासून शुक्रवारी संध्याकाळी मी त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. काचेच्या टांगत्या दिव्यात तेलवात लागलेली, टेबलावर पांढरी चादर, कापडाखाली झाकलेल्या पोळ्या. सरांनी किसमिसच्या शरबताचा पेला हातात घेतला आणि हिब्रूत काही म्हटलं. म्हटलं आणि थांबले. पेला तसाच हातात.

ही थांबलेली जागा माझ्या ओळखीची होती. दर शुक्रवारी पोळ्या लाटताना भिंतीपलीकडून ती ऐकू यायची. मला वाटायचं, वयानं विसरतात.

"इथे समोरच्यानं आमेन म्हणायचं असतं," सर म्हणाले. "आपलं आपण म्हणून चालत नाही. सोफी म्हणायची."

"मग काकू गेल्यापासून?"

"थांबतो थोडा. मग पितो."

एका भिंतीपलीकडे मी असते, हातात लाटणं असतं, तोंड रिकामं असतं. मी पदर सावरला आणि म्हणाले, "आमेन."

सरांनी पेला ओठाला लावला नाही. शाळेत धरायचे तसा कानामागे हात धरला.

"मोठ्यानं."

मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की आमच्या स्वयंपाकघरातून ह्यांनी ओरडून विचारलं, "काय व्हयनं वं?" सर हसले, आणि शरबत प्यायले.