तिबोटी खंड्याचे दाराची हकीकत

श्रीवनदेवता समर्थ. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मास आषाढ, ते समयीं पाखरांच्या तसबिरी घेणारांचें राज्य बहुत भरभराटीस आलें होतें. राज्यास तक्त नव्हतें, सीमा नव्हती. जेथें रंगीत पाखरूं, तेथें छावणी. मानकरी हातभर नळीचीं यंत्रें तिकाटण्यावर चढवून चिखलांत तीन तीन प्रहर बसत आणि घरीं मात्र पाण्याचा तांब्या भरावयास उठत नसत. त्या राज्यांत त्र्यंबकराव ओगले म्हणून नामांकित सरदार होते. त्यांनीं हळद्या साधिला, नवरंग साधिला, स्वर्गीय नर्तक लांब शेपटीसुद्धां साधिला, परंतु तिबोटी खंड्या तीन पावसाळे हुलकावणी देत राहिला. पाखरूं मुठीएवढें, पोट केशरी, पाठ जांभळी, चोंच पोवळ्याची; रावांस अन्न गोड लागेना. मग कोंकणप्रांतींहून जयवंतीबाई गावकर, वहाळाकांठच्या काजूबागेची मालकीण, तिणें निरोप धाडिला कीं, माझे दरडींत बीळ करून खंड्याची जोडी पिलें वाढवीत आहे, यावें. राव तात्काळ कूच करून पातले आणि दरडीसमोर हिरवे कापडाची राहुटी उभारून मोर्चा लाविला. परंतु बिळापुढें करवंदीची फांदी आडवी. नळींतून पाहावें तों पानेंच पानें. राज्याची रीत ऐशी कीं, तसबिरीआड पान आलें तर छाटावें आणि त्यास साफसफाई म्हणावें. रावांनीं सांजवेळीं खिशांतील कातर काढून फांदी छाटिली आणि संतोष पावले.

दुसरे दिवशीं स्वच्छ उजेड पडला. खंड्या आला, चोंचींत सरडुली. परंतु बिळांत शिरेना. येई, घिरटी घाली, माघारा जाई. ऐसें नऊ वेळां जाहलें, आणि पिलांचा गलका प्रथम मोठा होता तो बारीक होत गेला, आणि समोरील आंब्यावर कावळा येऊन बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात तें हेंच. इतक्यांत जयवंतीबाई चहा घेऊन आली ती दरडीकडे पाहतच राहिली.

"सायबांनू, फांदी खंय गेली?"

राव खालीं पाहून म्हणाले, "मींच छाटली बाई. उजेड हवा होता."

"ती फांदी न्हय, त्येंच्या घराचा दार होता. कावळो बगता, म्हणान ती आत जाणा नाय. पोरां मरतली."

"मग आतां काय करावें?"

"तुमी तोडलास, तुमीच लावा."

मग राव चिखलांत उतरले आणि फांदी शोधून काढिली, आणि बांधावयास दोरी नाहीं म्हणून यंत्राचा गळ्यांतला पट्टा सोडविला आणि फांदी होती तेथें बुंध्यास आवळून बांधिली. बाईनें खडा मारून कावळा उठविला. राव राहुटींत येऊन नळींतून पाहतात तों पुन्हां पानेंच पानें. तीन वर्षांचा ध्यास, आणि आपल्याच हातें पडदा टाकिला. रावांचे डोळे भरून आले, हें लिहिण्यांत आम्हांस लाज वाटत नाहीं. तथापि कान पिलांकडे लागले होते.

घटका लोटली, मग खंड्या आला आणि नव्या बांधणीचा अदमास घेण्यास बैठक शोधूं लागला, आणि थेट रावांच्या राहुटीबाहेर निघालेल्या नळीवर येऊन बसला. अंतर हातभर. चोंचींतील सरडुलीची शेपटी हलतांना दिसे. दूरचे नळीस जवळचें दिसत नाहीं, म्हणून राहुटींत शेजारीं बसलेल्या बाईनें खुणेनें मोबाइल दाखविला. रावांनीं मानेनेंच नको म्हटलें आणि श्वास रोखून बसले. मग खंड्या उडाला आणि फांदीआड बिळांत शिरला, आणि आंत गलका उसळला.

बाई हळूच म्हणाली, "जेवली पोरां."

राव म्हणाले, "आतां चहा द्या."

सारांश, तसबीर जाहली नाहीं. पानें सुकलीं तशी बाईनें माडाची झावळी जोडिली, आणि अकरावे दिवशीं चार पिलें उडालीं. पुढील आषाढीं करवंदीस हातभर धुमारे फुटले होते आणि जोडी त्याच दरडीस परतली. राव राहुटी घेऊन पुन्हां आले. कातर घरीं ठेविली होती.