रुळांमधली फट

दामूकाका रस्त्याने चालताना दर वीस-पंचवीस पावलांवर थांबतात आणि मागे वळून बघतात. देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा. शहापूरजवळच्या आमच्या सापगावात नव्याने आलेल्या माणसाला वाटतं, यांच्या मागे कुणीतरी लागलंय. तसं काही नसतं. काका रेल्वेत चावीवाले होते. हातोडा घेऊन रोज आपल्या हद्दीतले रूळ तपासत चालायचं, रूळ धरून ठेवणारी चावी सैल झाली असेल तर ती ठोकायची आणि मागून गाडी येत नाही ना, ते बघायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. मान अजून नोकरीवर आहे.

काकी गेल्यापासून ते एकटेच राहतात. यंदा त्यांनी मागच्या खोलीत, भाताच्या कणगीशेजारी फळ्या टाकून खेळण्यातली रेल्वे मांडायला घेतली. रूळ आणायला मी, त्यांच्या शेजारचा, त्यांच्याबरोबर मुंबईला गेलो. दुकानदाराने पुढे केलेला प्रत्येक तुकडा काकांनी डोळ्याशी धरून पाहिला आणि अकरा परत केले.

"काका, खेळणं आहे हे," दुकानदार वैतागला.

"वाकडा तो वाकडाच. गाडीला काय ठावं, ती खेळन्यातली हाय?"

फळ्यांवरचे हे रूळ शहापूरहून थेट मुरबाडला जाणार होते.

"पण काका," मी म्हणालो, "मुरबाडला रेल्वेच नाही."

"म्हनून तर घालतोय."

रूळ घालून झाले, बटण दाबलं. गाडी पहिल्या तुकड्याच्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. मी वाकून पाहिलं. पत्र्याच्या जोडपट्ट्यांनी रूळ एकमेकांना चिकटतात, म्हणून काकांनी मुद्दाम प्लास्टिकच्या वापरल्या होत्या. प्रत्येक सांध्यात नखाएवढी फट होती.

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, तीही भौतिकशास्त्राची. मी समजावलं, "काका, गाडीला वीज रुळातूनच मिळते. फटीतून ती पुढे जात नाही."

"आनि उन्हाळ्यात रूळ फुगला म्हंजे? फट नाय ठेवली तर वाकंल ना रे!"

"खोलीत कुठलं ऊन?"

"तू शिकलास, बरं झालं. पन मी फट बुजवनार नाय."

आठ दिवस गाडी जागेवरच होती. काका जेवायचेही उभ्याने, तिच्याकडे बघत. शेवटी एका दुपारी पडल्या पडल्या म्हणाले, "भाऊबिजेच्या आत ती मुरबाडला पोचली पायजे."

मग हळूहळू सांगितलं. त्यांची थोरली बहीण सखू मुरबाडजवळच्या गावात दिलेली. दर दिवाळीला रेल्वेच्या गँगमधल्या पोराबाळांच्या माणसांना घरी जाऊ द्यायचं म्हणून हे कामावर थांबायचे आणि तिला निरोप धाडायचे, 'पुढच्या वर्षी नक्की.' असं करत नोकरी संपली.

"मग आता जा की!"

"कंच्या तोंडानं जाऊ? गाडी तरी जाऊ दे."

पदवी असून जे सुचलं नव्हतं ते तेव्हा सुचलं. "काका, फट राहू द्या. फटीअलीकडचा रूळ पलीकडच्याला खालून तारेने जोडू."

काका उठूनच बसले. "आरं, सिग्नलवाले आमच्या सांध्यांना बांधायचे तीच तार! आदी नाय बोलायचं?"

दोन दिवस आम्ही तारांना डाग देत बसलो. डाव्या रुळाची लाल, उजव्याची काळी. एकही उलटी पडू दिली नाही त्यांनी. भाऊबिजेच्या दुपारी गाडी सगळे सांधे ओलांडून मुरबाडला, पुठ्ठ्याच्या एका घरापुढे जाऊन थांबली. काका बराच वेळ त्या घराकडे बघत होते.

"धोतर बदला," मी म्हणालो. "मोटारसायकल बाहेर उभी आहे."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सखूआत्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि आत गेल्या. काका अंगणातच उभे राहिले. भाऊ आला नाही की बहीण चंद्राला ओवाळते, ही आपल्याकडची रीत. त्यांची सून मला हळूच म्हणाली, "आत्याबाई दर साली चांदोबालाच ओवाळतात. पाट मात्र मांडतात."

आतून पाट टेकवल्याचा आवाज आला. काका जाऊन बसले. आत्या ताट घेऊन आल्या.

"चांदोबाला टोपी लागत नव्हती," त्या म्हणाल्या. "तू रुमाल घाल डोक्यावर."