किलब्रॅडीचा किल्ला गायब

“दुबईत दोनच गोष्टी लांबून दिसतात,” हेमचंद्र सांगायचे, “बुर्ज आणि माझी बुद्धी. पैकी बुर्जचं काम अजून बाकी आहे.”

एरवी ते एका बिल्डरकडे अकाउंट्स बघत. मंदी आल्यापासून अकाउंट्समध्ये बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते गुप्तहेर झाले. सहायक म्हणून त्यांनी अजीजला नेमलं. अजीजला न विचारता.

रत्नागिरीचा अजीज त्याच बिल्डरच्या सेल्स ऑफिसातलं मॉडेल सांभाळायचा. ‘किलब्रॅडी’, वाळवंटात उभं राहणारं अस्सल स्कॉटिश खेडं. दगडी पूल, मेंढ्यांच्या जत्रेचं मैदान आणि चारशे वर्षांचा पडका किल्ला. बांधकाम पूर्ण होणार २०१०.

ऐन दिवाळीत, एकमेव गिऱ्हाईक मिस्टर मॅकरे दुसऱ्या दिवशी येणार असताना, किल्लाच गायब झाला.

“धूळ झटकायला किल्ला आणि जत्रेतले बॅगपाइपवाले खोक्यात काढून ठेवले होते, साहेब. खोकाच नाही! सौदा फिसकटला तर ऑफिस खलास, माझा व्हिसा खलास.”

“चोर बँक आहे,” हेमचंद्र म्हणाले. “हल्ली बँका घरं उचलतात, किल्ला कसा सोडतील?”

फोन लावला. बँकेने उलट त्यांच्याच क्रेडिट कार्डाची चौकशी सुरू केली, तेव्हा त्यांनी घाईने थिअरी बदलली.

“शेजारच्या गावाचा हेर!”

“शेजारी वाळू आहे, साहेब.”

“वाळूत ठसे आहेत?”

“नाहीत.”

“बघ, किती सराईत आहे!”

संध्याकाळी अल बर्शातल्या घरी, बाल्कनीत, कशावर तरी कोपर टेकून हेमचंद्र तिसरी थिअरी मांडत होते. अजीज चकली हातात धरून व्हिसाचा विचार करत होता. तेवढ्यात हेमचंद्रांची बायको सुचित्रा ओरडली, “अहो, कोपर काढा, बुरूज दबतोय!” मग अजीजकडे वळून म्हणाली, “छान झालाय ना दिवाळीचा किल्ला, अजीजभाई? ह्यांना ऑफिसातून रिकामा खोका आणा म्हटलं, तर आत तयार किल्लाच. मावळ्यांना घागरे का घातलेत, तेवढं कळलं नाही.”

अजीजची चकली खाली पडली.

“म्हणजे,” हेमचंद्र कुजबुजले, “चोर माझ्या घरात शिरला होता!”

“वहिनी, द्या ना तो किल्ला. उद्या गिऱ्हाईक तो बघायला येतंय, माझी नोकरी आहे त्यात.”

“भाऊबीजेपर्यंत महाराज हलणार नाहीत. तुमच्या गिऱ्हाइकालाच फराळाला आणा.”

अजीजने आणलं. मॅकरे मोहरीचे हिरवे कोंब आणि भगव्याखाली बॅगपाइप वाजवणारे मावळे बराच वेळ बघत राहिले. आमच्या गावची जत्रा अशीच हिरव्या टेकडीवर भरते, म्हणाले. ऑफिसातल्या मॉडेलवर गवतही प्लास्टिकचं होतं. मग त्यांनी विचारलं, सिंहासनावर कोण?

“ओनर,” सुचित्रा म्हणाली.

मॅकरेंनी टोपी काढली. घर बुक केलं. अट एकच, किल्ल्यावर ओनर हवेत. अजीजचा व्हिसा वाचला.

हेमचंद्र अजून चोर शोधतायत. बाल्कनीतल्या मातीत ठसे मिळालेत. बिलंदर चोर त्यांच्याच चपला घालून आला होता.