संडासात टांगण्याचा मान

"प्लॅस्टिकचा आहे," वोप्के म्हणाला, आणि सिब्रनचा कॉफीचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

"काय प्लॅस्टिकचं आहे?"

"बगळा. तुझ्या फोटोतला. मिंकेच्या तळ्यावर उभा असतो ना, तोच. मी ओळखतो त्याला."

सभागृहाच्या टेबलावर बारा फोटो मांडलेले होते. अकरा ठरले होते, आणि उरलेल्या एका जागी, म्हणजे नोव्हेंबरात, सिब्रनचा बगळा जाणार होता. धुक्यातला कालवा, लव्हाळ्यांची कड आणि एका पायावर उभा राखी बगळा. पक्षी मंडळाच्या अध्यक्ष डाल्स्त्रा बाई होत्या. गावातल्या तीन पिढ्या त्यांच्या छडीखालून गेलेल्या. "सुरेख!" असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या, आणि बाई कुठलीही गोष्ट दोनदा म्हणत नसत. मंडळाचा चिटणीस वोप्के मात्र नाक फोटोला लावून बसला होता.

आता हा नोव्हेंबर कसला ते सांगायला हवं. नेदरलँड्सच्या उत्तरेला, आमच्या फ्रीसलँडात, माणसाची किंमत दिवाणखान्यात कळत नाही, संडासात कळते. प्रत्येक घरात तिथे, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यावर वार नाही, साल नाही, नुसत्या तारखा आणि पुढे नातेवाइकांची नावं. बसल्या बसल्या रोज नजर पडते, त्यामुळे मावशीचा वाढदिवस विसरायची सोय राहत नाही. साल नसल्यामुळे ते जुनंही होत नाही. खिळ्यावरून फाटून खाली यायला लागलं की मग मंडळ नवं काढतं, म्हणजे साधारण दहा वर्षांतून एकदा.

मागच्या कॅलेंडरात वोप्केची पाणडुबी छापून आली होती. तेव्हापासून दहा वर्षं तो "जून माझा" असं सांगत फिरत होता. सिब्रननं त्या वेळी पाणकोंबडीचं घरटं दिलं होतं, पण नीट पाहिल्यावर घरट्याच्या काड्यांत कुणाची तरी चड्डी विणलेली निघाली आणि बाईंनी फोटो उलटा करून परत केला. सिब्रन आता एकाहत्तर वर्षांचा होता. चौतीस वर्षं त्यानं बोटींसाठी गावचा पूल वरखाली केला होता. बोटींच्या मधल्या वेळात बघायला पक्षीच असायचे, तेव्हापासून हे वेड लागलेलं. पुढचं कॅलेंडर निघायचं तेव्हा तो एक्क्याऐंशीचा होणार. तोवर कॅमेरा स्थिर धरायला हात राहतील का, हे त्याला रोज सकाळी बूट घालताना कळत होतं.

"खरा आहे तो!" सिब्रन उसळला. "सहा वर्षं येतोय माझ्या कालव्यावर! एक नाही, शंभर फोटो आहेत माझ्याकडे. थांबा, आणतो."

आणले. तिथेच चुकलं त्याचं. शंभर फोटो टेबलावर पसरले आणि सगळे वाकून बघू लागले. बगळा म्हणजे बकध्यान. शंभरही फोटोंत तो एकाच पायावर, एकाच बाजूला मान करून, एकाच तंद्रीत उभा होता.

"सिब्रन," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पीससुद्धा हललेलं नाही रे."

"बाई, शांत पक्षी आहे तो!"

"प्लॅस्टिक शांतच असतं," वोप्के म्हणाला. "आणि नोव्हेंबरसाठी माझं बदक आहेच तयार."

बाईंनी चष्मा काढला. म्हणजे निकाल. "सोमवारी सगळं छापखान्यात जायचंय. शनिवारी दहाला मी तुझ्याकडे येते. बगळा दाखव. दिसला तर नोव्हेंबर तुझा. नाही दिसला तर वोप्केचं बदक."

घरी आल्यावर सिब्रननं बायकोला, हिस्केला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "आणि शनिवारी तो आलाच नाही तर?"

"येतो गं. रोज येतो. साडेनऊला."

"रोज येतो म्हणजे नेमका शनिवारी येणार नाही. पाहुण्यांसमोर तू दाखवायला गेलास आणि एखादी गोष्ट चालली, असं लग्नापासून झालंय का कधी?"

सिब्रनला ते बोलणं लागलं. म्हणून त्यानं धोक्याचं एकेक कारण खोडायला घेतलं. पहिलं कारण म्हणजे कालव्यापलीकडे राहणाऱ्या मिंकेचा प्लॅस्टिकचा बगळा. आमच्याकडे तळ्यात सोनेरी मासे पाळणारे लोक काठावर असा एक बगळा रोवतात. खरा बगळा वरून बघतो, 'जागा गेली' म्हणतो आणि पुढे जातो. सिब्रनला वाटलं, शनिवारी दोन बगळे नकोत. एकच दिसावा आणि तो उडावा. तो मिंकेकडे गेला.

"अर्ध्या दिवसासाठी काढून ठेव गं. फक्त शनिवारी."

"आणि माझा नगराध्यक्ष?" मिंके म्हणाली. नगराध्यक्ष हा तिचा नऊ वर्षांचा मासा. काहीही न करता दिवसभर गोल गोल फिरतो आणि फुगत चाललाय, म्हणून हे नाव. "त्याला काही झालं ना सिब्रन, तर मी तुला त्या तळ्यात सोडीन."

"मी शब्द देतो. त्याच्या खवल्याला धक्का लागणार नाही."

शुक्रवारी संध्याकाळी प्लॅस्टिकचा बगळा सिब्रनच्या मागच्या पडवीत, फावड्यांशेजारी येऊन उभा राहिला.

शनिवारी साडेनऊ झाले. बगळा नाही. पावणेदहा झाले. एक बदक येऊन गेलं, आणि ते बदकच आहे हे बघून सिब्रनला आणखी राग आला. दहाला पाच कमी असताना दाराची घंटा वाजली. आमच्या गावात दहा म्हणजे दहाला पाच कमी. सिब्रन पांढराफटक चेहरा घेऊन दार उघडायला गेला.

हिस्के स्वयंपाकघराच्या खिडकीतून रिकाम्या कालव्याकडे बघत होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा असा चेहरा तिनं फक्त त्या चड्डीच्या वेळी पाहिला होता. तिला भडभडून आलं. ती मागच्या दारानं निघाली, पडवीतून तो बगळा काखोटीला मारला, लव्हाळ्यांच्या कडेला नेऊन रोवला आणि धापा टाकत परत येऊन कॉफी गाळायला लागली.

सिब्रन बाईंना आणि वोप्केला घेऊन बागेत आला, आणि पाहतो तो काय!

"तो बघा!" तो कुजबुजला. "तो बघा बाई! आला की नाही? माझा राजा!"

तिघं खुर्च्यांवर बसले. वीस पावलांवर बगळा उभा. हिस्केनं कॉफी आणली आणि बिस्किटांचा डबा उघडला. माणशी एक बिस्कीट आणि लगेच झाकण, हा आमच्याकडचा धर्म. पण हिस्के डबा झाकायलाच विसरली. "घ्या ना, अजून एक घ्या! वोप्के, तीन घे!" बाईंनी भुवया वर केल्या. या घरात काहीतरी बिनसलंय, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"काय तो संयम!" सिब्रन सांगत होता. "बघा, पापणी हलत नाही! प्लॅस्टिकच्यात हा रुबाब येईल का? मानेचा बाक बघा. हा बाक कारखान्यात होत नाही, बाई. ज्याला हा फरक कळत नाही ना, त्यानं पक्षी बघूच नयेत, कोंबड्या पाळाव्यात."

वोप्के तिसरं बिस्कीट खात होता.

पंधरा मिनिटं गेली. बाई उठल्या, छत्री घेतली आणि चालू लागल्या.

"बाई, नको! उडेल!"

"उडू दे की. त्यासाठीच आलेय."

पंधरा पावलं झाली, बगळा जागचा हलला नाही. अठरा झाली. सिब्रन अभिमानानं वोप्केच्या कानात म्हणाला, "ओळखतो तो माणसं." बाई बगळ्यापाशी पोचल्या आणि छत्रीच्या मुठीनं त्याच्या डोक्यावर ठोकलं.

टक. टक.

"अगं बाई!" पलीकडून मिंके ओरडली. "माझा बगळा तिकडे काय करतोय?"

सिब्रननं हिस्केकडे पाहिलं. हिस्केनं बिस्किटांच्या डब्याकडे पाहिलं.

"मला तुझं तोंड बघवेना रे," ती रडवेली होऊन म्हणाली. "वाटलं, लांबून खपून जाईल."

वोप्केला हसू आवरेना. "मानेचा बाक!" तो पोट धरून म्हणाला. "कारखान्यात होत नाही म्हणे!" हसता हसता त्यानं गळ्यातला कॅमेरा काढून सिब्रनच्या बगळ्याचे, छत्रीधारी बाईंसह, चार फोटो काढले. सिब्रन मनात म्हणाला, दहा वर्षं गेली, ती गेलीच, वर ही शोभा.

"सिब्रन," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात शाळा होती, "मला वाईट वाटतंय. पण बदक..."

एवढ्यात त्यांच्या डोक्यांवरून एक मोठी सावली गेली. पलीकडे, मिंकेच्या तळ्याच्या काठावर, एक राखी बगळा सावकाश पंख मिटून उतरला. राखणदार रजेवर गेल्याचं त्यानं वरूनच बघितलं असावं. तो काठावर आला, एक पाय पोटाशी घेतला, मान वाकडी केली आणि थिजला. अगदी त्या शंभर फोटोंसारखा.

"मिंकेनं दुसरा पण आणलाय वाटतं," कॅमेऱ्यातून आत्ता कुठे डोकं वर काढत वोप्के म्हणाला.

बगळ्यानं चोच मारली. चोचीत हातभर सोनेरी काहीतरी तडफडू लागलं.

"नगराध्यक्ष!" मिंकेनं किंकाळी फोडली. "सिब्रन, मेल्या, शब्द दिलायस!"

सिब्रनचं भान सुटलं ते तिथे. आमच्याकडे कालवे ओलांडायला घराघरांत लांब काठी असते. ती पाण्यात रोवायची, लटकायचं आणि पलीकडे उतरायचं. तरुणपणी सिब्रन यात गावात दुसरा यायचा. भिंतीवरची काठी ओढून तो धावत सुटला.

"अरे, वय बघ!" हिस्के ओरडली.

काठी रोवली गेली, सिब्रन वर गेला, आणि बरोबर कालव्याच्या मध्यावर काठी चिखलात रुतून उभीच राहिली. ना इकडे, ना तिकडे. पायातला एक लाकडी बूट पाण्यात पडला. सिब्रन काठीला हातापायांनी मिठी मारून झेंड्यासारखा वर. त्याच क्षणी जड मासा पेलत बगळा उडाला तो थेट त्याच्या डोक्यावरून.

"सोड! सोड त्याला!" सिब्रन तोंड उघडून एवढ्या जोरात गरजला की बगळ्यानं दचकून चोच उघडली. क्लिक, असा वोप्केचा कॅमेरा वाजला. नगराध्यक्ष सिब्रनच्या डोक्यावर आपटला आणि उसळून मिंकेच्या काठावरच्या फुलांच्या वाफ्यात पडला. तिनं त्याला एप्रनमध्ये उचलून तळ्यात सोडलं, आणि तो काहीच न घडल्यासारखा गोल गोल फिरू लागला. मग काठी हळूहळू कलली आणि सिब्रन कंबरभर चिखलात उतरला.

"खरा होता ना?" तो शेवाळ थुंकत ओरडला. "बाई, बघितलंत ना? खरा होता ना?"

"खरा होता," बाई म्हणाल्या. मग त्यांनी वोप्केच्या कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. "सुरेख," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "सुरेख!"

पुढचं काय ते कळलंच असेल. एका कॅलेंडरात दोन बगळे नकोत, असं बाईंचं मत पडलं. धुक्यातला बगळा खरा आहे असा ठराव मंडळाच्या वहीत रीतसर नोंदवला गेला, आणि नोव्हेंबरात वोप्केचा फोटो गेला. वर बगळा, मध्ये मासा, खाली काठीला चिकटून आ वासलेला सिब्रन.

कॅलेंडर घरोघर पोचलं त्या आठवड्यात सिब्रन घराबाहेर पडला नाही. हिस्केनं ते टांगलं, तर त्यानं एप्रिलचं पान उघडून ठेवलं. नोव्हेंबर लागल्यावर मात्र गावातल्या प्रत्येक संडासात तेच पान वर आलं, आणि सिब्रन पुन्हा घरात बसला. चौथ्या दिवशी घरातला पाव संपला आणि सिब्रनला बेकरीत जावंच लागलं. तो मान खाली घालून रांगेत उभा राहिला.

"सिब्रन!" पुढचा म्हातारा वळला. "अरे, सकाळीच भेट झाली आपली!"

सगळी रांग हसली, पण आपुलकीनं हसली.

"माझ्या सुनेला दिवस भरलेत," एक बाई म्हणाली. "ती म्हणते, बसलं की हसू येतं आणि मग काही अडत नाही. काय फोटो आहे तुझा!"

"तो माझा..." सिब्रननं तोंड उघडलं.

"त्याचा नाही, माझा आहे फोटो!" मागून आवाज आला. रांगेच्या शेवटी वोप्के उभा होता. चार दिवस तो हेच सांगत फिरत असावा, कारण त्याचा घसा बसला होता. "मी काढलाय! सिब्रन नुसता लटकलाय त्यात!"

पाव बांधणाऱ्या बाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझा कसा? तू कुठे दिसतोस त्यात? सगळं गाव म्हणतंय, सिब्रनचा फोटो."

वोप्के काकुळतीला आला. "अहो, खाली नाव छापलंय माझं! उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत! वाचा तरी एकदा!"

सिब्रननं आपला पाव घेतला, काखेत नीट धरला आणि चार दिवसांत पहिल्यांदाच ताठ उभा राहिला.

"वाचतील रे," तो म्हणाला. "पण तिथे चष्मा घेऊन जातं कोण?"